मण्यांचा फोन

(स्नेहमेळाव्यातील ‘माझं काम, माझं हत्यार’ या सत्रात केलेलं भाषण)



या सत्रासाठी संयोजकांनी एकच अट घातली होती. आपल्या कामातली एक वस्तू बरोबर आणायची आणि तिच्याविषयी बोलायचं. माझ्याआधी इथे छाटणीची कात्री आली, एसटीच्या कंडक्टरचा पंच आला, स्टेथोस्कोप आला. त्या मानाने माझी वस्तू लहान आहे आणि आता चालतही नाही. हा ब्लॅकबेरी फोन. मागच्यांना दिसत नसेल म्हणून सांगते. वरच्या निम्म्या भागात स्क्रीन आहे आणि खालच्या निम्म्या भागात खरीखुरी बटणं, इंग्रजी टाइपरायटरच्या क्रमाने लावलेली. आपल्या मुलांच्या हातात हा दिला तर ती स्क्रीनवर बोट फिरवून बघतात आणि ‘हँग झालाय’ म्हणून परत देतात. याच्या स्क्रीनला बोट कळतच नाही. याला फक्त बटण कळतं.

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी द्राक्षबागा आहेत. घड वेलीवरून उतरेपर्यंत काय काय करावं लागतं ते तुम्हीच मला शिकवाल. मी त्याच्या पुढचं सांगते, कारण माझं काम तिथून सुरू होतं. मी द्राक्ष निर्यात करणाऱ्या एका कंपनीत कागदपत्रं बघते. माल पॅकहाउसला येतो, निवडला जातो, पेट्यांत भरला जातो, प्री-कूलिंगला जातो, मग शीतगृहात आणि मग चाळीस फुटी रीफर कंटेनरमध्ये. कंटेनर रस्त्याने न्हावा शेवा बंदरात आणि तिथून जहाजाने युरोपात. रॉटरडॅमला पोचायला काही आठवडे लागतात. या प्रत्येक टप्प्याला एक कागद असतो. औषधांच्या अंशांचा प्रयोगशाळेचा अहवाल, अ‍ॅगमार्कचं प्रमाणपत्र, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. आमच्या ऑफिसात म्हणतात, माल जहाजाने जातो, पण पैसे कागदाने येतात. कागदावरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला की माल बंदरात उभा राहतो आणि वरून भाडं चढत जातं.

तेव्हा मी जन्मभर जे केलं ते एका वाक्यात सांगायचं तर, आकडे टाइप केले.

दहावीच्या सुट्टीत आपल्या वर्गातल्या बऱ्याच मुलींना घरच्यांनी टायपिंगच्या क्लासला घातलं होतं, आठवतंय? मुलांना फारसं कुणी घातलं नाही. पिंपळगावच्या त्या क्लासमध्ये रेमिंग्टनची आणि गोदरेजची जुनी मशिनं होती. एका तासात पंधरा मशिनं एकदम खडखडायची. ए-एस-डी-एफ-जी-एफ, सेमिकोलन-एल-के-जे-एच-जे, हेच रोज पानभर. आमचे सर बटणांवर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालायचे आणि आमचे हात त्याच्याखाली जायचे. ‘डोळे कागदावर ठेवायचे, बोटांना त्यांचं काम करू द्यायचं.’ सुरुवातीला रडू यायचं. मग एक दिवस बोटं आपली आपण चालायला लागली. तीस शब्दांची सरकारी परीक्षा दिली, मग चाळीस शब्दांची. त्या दोन प्रमाणपत्रांवर मला नोकरी लागली. त्या खोक्याखाली काय शिकलो ते मला खरं कळलं ते मात्र सतरा वर्षांनी.

2008 च्या दिवाळीनंतर, हंगाम तोंडावर आलेला असताना, कंपनीने आम्हा तिघांना ब्लॅकबेरी कर्व्ह दिले. कारण सरळ होतं. युरोपातली ऑफिसं आमच्या दुपारी उघडतात आणि आमच्या रात्री बंद होतात. हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक, उन्हाळ्यात साडेतीन. त्यांचे मेल यायचे तेव्हा आम्ही ऑफिसात नसायचोच. कुणी पॅकहाउसला, कुणी बागेत, कुणी घरी. हा फोन मेल आला की स्वतःहून आणून देत असे. आज त्याचं कुणाला काही वाटणार नाही. तेव्हा सायबर कॅफेत जाऊन मेल उघडणारे लोक होते.

पॅकहाउसमधल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. एकीने माझ्या हातातून तो घेतला, बटणांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, ‘ताई, याला तर मणी आलेत!’ झालं. तेव्हापासून तो मण्यांचा फोन. मध्ये एक पांढरी गोळी होती, ती फिरवून स्क्रीनवरचा बाण हलवायचा. त्या गोळीला त्या ‘मोती’ म्हणायच्या. गंमत अशी की खऱ्या नावाची गोष्टही जवळजवळ तीच आहे. कॅनडातल्या वॉटर्लू गावात 1984 साली सुरू झालेल्या रिसर्च इन मोशन या कंपनीने 1999 मध्ये ब्लॅकबेरी हे नाव बाजारात आणलं. नाव शोधणाऱ्या मंडळींना ती टपोरी, खेटून बसलेली बटणं फळाच्या दाण्यांसारखी वाटली होती. त्यांना त्यांच्याकडचं फळ आठवलं, आमच्या बायकांना त्यांच्या हातातलं.

आता याच्यावर काम कसं चालायचं ते सांगते.

हा दोन अंगठ्यांनी टाइप करायचा फोन. क्लासमध्ये शिकलेली दहा बोटं इथे उपयोगाची नव्हती. पण खोक्याखालची सवय होती. दोन-तीन आठवड्यांत अंगठ्यांना बटणांचा ठावठिकाणा कळला. प्रत्येक बटणाला कडा आणि उंचवटा होता. अंगठा चुकीच्या बटणावर टेकला तर तो टेकल्या टेकल्या कळायचा, दाबण्याच्या आधी. माझ्या मते या सगळ्या फोनचं मर्म इथे आहे. बटणाला हात लावणं वेगळं आणि बटण दाबणं वेगळं. त्या दोन गोष्टींच्या मध्ये अर्धा क्षण असतो आणि त्या अर्ध्या क्षणात बोट विचार करतं. आजच्या काचेवर तसं नाही. हात लागला की झालं काम.

त्याच्या खाचाखोचा होत्या. मेलच्या यादीत ‘टी’ दाबलं की सगळ्यात वर, ‘बी’ दाबलं की सगळ्यात खाली. ‘आर’ म्हणजे उत्तर, ‘एफ’ म्हणजे पुढे पाठवणं. स्पेस दोनदा दाबला की पूर्णविराम पडायचा आणि पुढचं अक्षर आपोआप मोठं व्हायचं. अक्षर दाबून धरलं तरी ते मोठं व्हायचं. डब्ल्यू, ई, आर या बटणांवर एक, दोन, तीन. खाली एस, डी, एफवर चार, पाच, सहा. त्याच्या खाली झेड, एक्स, सीवर सात, आठ, नऊ. ऑल्ट आणि डावी शिफ्ट एकदम दाबली की आकडे लॉक व्हायचे. माझ्यासारखीला ते फार सोयीचं, कारण माझे दिवस कंटेनर क्रमांकांत जातात.

कंटेनर क्रमांक म्हणजे चार अक्षरं आणि सात आकडे. शेवटचा आकडा हा राखणदार असतो. आधीच्या प्रत्येक अक्षराला आणि आकड्याला ठरलेलं मूल्य, त्याला एक, दोन, चार, आठ असं दुप्पट होत जाणाऱ्या संख्यांनी गुणायचं, बेरीज करायची, अकराने भागायचं. उरलेली बाकी म्हणजे तो शेवटचा आकडा, आणि बाकी दहा आली तर शून्य. मधला एखादा आकडा चुकला की बाकी जुळत नाही आणि चोर सापडतो. सर, तुम्ही पुढे बसला आहात म्हणून सांगते, ‘बाकी कुठे लागते हो आयुष्यात’ असं आम्ही तुम्हाला विचारायचो. लागली सर. बंदरावर लागली.

फोनमध्ये ऑटोटेक्स्ट नावाची सोय होती. आपले आपण संक्षेप ठरवायचे. मी ‘पीसी’ टाइप करून स्पेस दाबला की ‘सोबत फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र जोडले आहे, कृपया पोच द्यावी’ असं पूर्ण इंग्रजी वाक्य उमटायचं. अशी माझी चाळीसेक वाक्यं होती. मराठीचं मात्र त्या फोनवर जमत नव्हतं. देवनागरीत कुणी काही पाठवलं तर ओळीने चौकोन दिसायचे. शेतकऱ्यांना एसएमएस पाठवायचे ते रोमन अक्षरांत. ‘उद्या सकाळी सहाला गाडी येईल’ हे मी इतक्या वेळा इंग्रजी अक्षरांत लिहिलंय की आजही ते वाक्य मला तसंच डोळ्यांसमोर दिसतं.

आणि जागा कशा असायच्या! शीतगृहात शून्य अंशाच्या आसपास तापमान. आत जाताना लोकरीचे हातमोजे. काचेच्या स्क्रीनला उघडं बोट लागतं, लोकर तिला कळत नाही. बटण मात्र हातमोज्यातूनही दाबलं जातं. मी आत उभी राहून पॅलेटवरची चिठ्ठी वाचून आकडा तिथेच मेलमध्ये घालायचे. बागेत उलट. धूळ, गंधकाची भुकटी, घामाने ओले हात. पांढऱ्या मोत्यात ती धूळ जाऊन तो अडकायचा. मग कोऱ्या कागदावर स्पिरिटचा थेंब टाकून फोन पालथा घासायचा, की मोती परत फिरायला लागायचा. रेंज एखाद्या कांडीची असली तरी मेल जायचा, कारण तो मोठा मेल तुकड्यातुकड्याने आणायचा. आपण खाली सरकू तसा पुढचा भाग.

पण या सगळ्यापेक्षा मोठा फायदा मला एका म्हाताऱ्या बागायतदाराने दाखवून दिला. त्यांच्या ओट्यावर बसून मी त्यांच्या फवारणीच्या नोंदी घेत होते. ते सांगत होते, मी टाइप करत होते. मध्येच थांबून ते म्हणाले, ‘तुमच्या कंपनीतला तो दुसरा पोरगा येतो, तो फोनकडे बघून बोलतो. तुम्ही माझ्याकडे बघता.’ माझ्या लक्षातच आलं नव्हतं. अंगठे खाली चालले होते आणि डोळे मोकळे होते. तेव्हा मला क्लासचा खोका आठवला. डोळे कागदावर ठेवायला शिकवलं होतं. इथे कागदाच्या जागी माणूस होता.

आता 2010 चं सांगते. तुमच्यातल्या काहींच्या घरांना त्या वर्षाची झळ लागली आहे, म्हणून जपून सांगते.

त्या हंगामात युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. आपण त्याला लिहोसिन म्हणतो. काडीची वाढ आवरावी, घड चांगले सुटावेत म्हणून ते मारत असत. अनेक जण मारत आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. युरोपात तेव्हा त्याची मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. म्हणजे एका ग्रॅमचे वीस हजार भाग केले तर त्यातला एक भाग, एका किलोत. त्यापेक्षा जास्त निघालं की माल थांबला. एप्रिल महिना होता. आमचे तीन कंटेनर तेव्हाच रॉटरडॅमला उतरले होते.

मी एका गावी पॅकहाउसवर होते. लोडशेडिंगचे दिवस, वीज संध्याकाळीच गेलेली, इन्व्हर्टरनेही मान टाकली होती. कॉम्प्युटर बंद. रात्री पावणेदहाला या फोनचा लाल दिवा लुकलुकला. आयातदाराचा मेल होता. तिन्ही कंटेनर अडकवून ठेवण्यापेक्षा माल प्लॉटप्रमाणे वेगळा करून स्वतंत्र नमुने तपासता येतील, पण त्यासाठी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताना यादी हवी होती. कोणत्या पॅलेटवर कोणत्या प्लॉटची द्राक्षं आणि त्यातल्या कोणत्या प्लॉटला लिहोसिन मारलं होतं. अपेडाच्या ग्रेपनेटवर 2006 पासून निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद होते, त्यामुळे प्रत्येकाला क्रमांक होता. पण कोणती पेटी कोणत्या पॅलेटवर चढली ते आमच्या रजिस्टरमध्ये, हाताने लिहिलेलं. तीन कंटेनर, एका कंटेनरमध्ये वीस पॅलेट, काही पॅलेटवर दोन-दोन शेतकऱ्यांचा माल. सत्तरच्या वर ओळी.

पॅकहाउसशेजारीच एक बागायतदार राहत. त्यांचाही माल त्या कंटेनरमध्ये होता. ते कंदील घेऊन आले. एका बाजूला रजिस्टर, एका बाजूला फवारणीच्या नोंदवह्यांची चळत. ते वाचून दाखवणार आणि मी टाइप करणार असं ठरलं. पॅलेट क्रमांक, प्लॉट क्रमांक, हो किंवा नाही. पुन्हा पॅलेट, प्लॉट, हो किंवा नाही. आकडे लॉक केलेले, अंगठे चाललेले. एक बॅटरी संपली, पाकिटात दुसरी भरलेली होती, ती बदलली. अर्धा मेल ड्राफ्टमध्ये जसाच्या तसा होता.

चाळिसाव्या ओळीच्या सुमारास त्यांनी पॅलेटचा आकडा वाचला, प्लॉटचा आकडा वाचला आणि ते थांबले. तो त्यांचा स्वतःचा प्लॉट होता. मी फोनकडे बघत असते तर मला फक्त शांतता ऐकू आली असती. पण मी त्यांच्याकडे बघत होते. कंदिलाच्या उजेडात त्यांचा चेहरा दिसत होता. वही त्यांच्या हातात होती, ती मला वाचता येत नव्हती. त्यांनी ‘नाही’ म्हटलं असतं तर मी ‘नाही’ लिहिलं असतं. माझे अंगठे बटणांवर टेकलेले होते, दाबलेले नव्हते. मी काही बोलले नाही. वर बघून ते म्हणाले, ‘लिहा ताई. मारलंय.’

मी ‘हो’ लिहिलं. ते लगेच पुढची ओळ वाचायला लागले.

पावणेबाराला मेल गेला. शेजारी बरोबरची खूण उमटली. त्यांनी रजिस्टर मिटलं, वह्या नीट रचून ठेवल्या आणि विचारलं, ‘चहा टाकायला सांगू?’

पुढे त्या यादीवरून माल वेगळा केला गेला. ज्या प्लॉटचे नमुने स्वच्छ निघाले त्यांची द्राक्षं विकली गेली आणि त्यांचे पैसे आले, उशिरा पण आले. काहींचे आले नाहीत. आमच्या त्या बागायतदारांचे आले नाहीत. त्यांनी पुढच्या वर्षी सोनं गहाण टाकून छाटणी केली. हे मी त्यांच्या परवानगीने सांगते आहे, नाव न सांगण्याच्या अटीवर. आपल्या शाळेचे ते विद्यार्थी नाहीत, पण त्यांची मुलगी आहे. त्या यादीत ज्यांचे पैसे वाचले त्यातले दोन जण आज इथे बसले आहेत. त्यांना हे आजवर ठाऊक नव्हतं. चारचौघांत सांगावं असं मला वाटलं, कारण त्या रात्री यादी खरी राहिली म्हणून त्यांचा माल वेगळा निघू शकला. एका ओळीत खोटं घुसलं असतं आणि तिथे ते पकडलं गेलं असतं, तर पूर्ण यादीवर कुणी विश्वास ठेवला नसता. कंटेनर क्रमांकाला राखणदार आकडा असतो. त्या यादीचा राखणदार कंदील धरून बसला होता.

थोडं हलकं सांगते. या फोनची घरातली बाजूही आहे. मेल आला की वरच्या कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायचा. वाचेपर्यंत लुकलुकतच राहायचा. जेवताना, झोपताना, सणावारी. माझ्या मुलीने त्याचं नाव ठेवलं होतं ‘आईचा सिग्नल’. लाल असून आई थांबत नाही, उलट पळते, असं तिचं म्हणणं. शेवटी सासूबाईंनी नियम केला. आठ ते नऊ फोन स्वयंपाकघरात पालथ्या पातेल्याखाली. दिवा दिसत नाही तर जीवही ओढत नाही. तो नियम आमच्याकडे आजही चालतो, फक्त आता पातेलं मोठं लागतं, कारण त्याखाली चार फोन ठेवायचे असतात. अमेरिकेत लोक याला ‘क्रॅकबेरी’ म्हणायचे, म्हणजे नशेची बेरी. 2006 साली वेबस्टर्स न्यू वर्ल्ड शब्दकोशवाल्यांनी तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. आमच्या सासूबाईंना शब्दकोश लागला नाही, पातेल्यावर भागलं.

2010 च्याच ऑगस्टमध्ये पेपरात बातम्या होत्या की सुरक्षा यंत्रणांना ब्लॅकबेरीवरचे संदेश वाचता आले नाहीत तर 31 ऑगस्टनंतर सरकार त्या सेवा बंद करेल. सासरे पेपर घेऊन आले. ‘तुझा फोन म्हणे सरकारलाही वाचता येत नाही. त्यात लिहितेस तरी काय?’ मी दाखवलं. पेट्यांची संख्या, कंटेनर क्रमांक, शून्य अंश. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ‘सरकारने वाचलं तर झोप लागेल त्यांना.’ सेवा काही बंद झाली नाही.

ती बंद झाली वेगळ्या कारणाने, हळूहळू. लोकांना मोठी काच हवी होती. 2016 मध्ये ब्लॅकबेरीने स्वतः फोन बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. मी तेव्हा तिसऱ्या फोनवर होते, क्लासिक नावाच्या. आमच्या व्यवसायात खरा घाव बसला 2017 च्या डिसेंबरअखेर, व्हॉट्सअ‍ॅपने ब्लॅकबेरीवर चालणं थांबवलं तेव्हा. कारण तोवर सगळे बागायतदार व्हॉट्सअ‍ॅपवर गेले होते. डावण्या आला की पानाचा फोटो, मण्यांची फुगवण झाली की पट्टी लावून फोटो. मी दोन फोन वागवायला लागले. मग 4 जानेवारी 2022 ला जुन्या ब्लॅकबेरी फोनना आधार देणाऱ्या सेवाही बंद झाल्या आणि क्लासिक कपाटात गेला. हा कर्व्ह आधीच तिथे होता.

मी नव्याच्या विरुद्ध नाही. काचेच्या फोनवर मला मराठी दिसतं, मराठीत लिहिता येतं, बोललं तरी तो लिहून घेतो. पानाचा फोटो तज्ज्ञाकडे मिनिटात पोचतो. ज्याला दहावीपर्यंतचंही शिक्षण मिळालं नाही असा शेतकरी आज आवाजाचा निरोप पाठवून मला हवी ती माहिती देतो. बटणांच्या फोनवर त्याला हे शक्य नव्हतं. हे कमी नाही.

पण एक गोष्ट गेली आणि ती परत आणायला मला वेगळा खटाटोप करावा लागला. काचेवर उंचवटा नाही, म्हणून अंगठ्याला काही कळत नाही, म्हणून डोळे लागतात. आणि डोळे एकदा फोनमध्ये गेले की समोरच्या माणसाचा फक्त आवाज उरतो. आवाजात सगळं येत नाही. अडखळणं ऐकू येतं, ते का ते ऐकू येत नाही.

म्हणून आता मी ओट्यावर बसते तेव्हा फोन पिशवीत असतो. शंभर पानी वही आणि पेन. आकडे वहीत लिहिते, समोरच्यालाच परत वाचून दाखवते आणि गाडीत बसल्यावर फोनमध्ये घालते. दुप्पट काम आहे. ऑफिसातली नवी मुलं हसतात, पण त्यातल्या दोघांनी वही घेतली आहे. न बघता लिहिण्याइतकं माझं अक्षर चांगलं नाही, ते बाईंना माहीतच आहे, पण निदान ओळ संपल्यावर मान वर करता येते.

डॉक्टर झालेली आपली मैत्रीण मघाशी सांगत होती की आता तिला पेशंटपेक्षा कॉम्प्युटरकडे जास्त बघावं लागतं. बँकेतल्या मित्राचंही तेच. शिक्षक झालेल्यांचंही. तुमच्या तुमच्या कामात यावर तुम्ही काय उपाय काढलात ते जेवताना मला सांगा. मला खरंच हवे आहेत.

हा फोन मी इथे टेबलावर, छाटणीच्या कात्रीशेजारी ठेवते. चालू होणार नाही, पण बटणं अजून चांगली दाबली जातात. टायपिंगच्या क्लासला गेलेल्या मैत्रिणींनी डोळे मिटून एकदा ए-एस-डी-एफ करून बघावं.